बाळाच्या मेंदूत गाबा उलटा वागतो

[दृश्य: भर पावसाळा, फोंडा तालुक्यातल्या एका देवळाची तळी. पाण्याखालच्या पायरीवर एक गोगलगाय.]

पावसात फोंड्याकडच्या एखाद्या तळीवर गेलात तर अशी एखादी गोगलगाय शेवाळ खाताना दिसेल, आपण पाय धुतो आणि वर दर्शनाला जातो, तिच्याकडे कोण बघतंय. पण अमेरिकेतल्या तळ्यांत राहणारी हेलिसोमा नावाची अशीच एक पाण्यातली गोगलगाय आहे, तिला मेंदूवाल्या लोकांनी एकेकाळी डोक्यावर घेतलं होतं. तिचे न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, चांगले मोठे, एकेकाला नंबर दिलेले, आणि बाहेर काढून काचेच्या ताटलीत ठेवले की परत फांद्या फोडायला लागतात.

1984 मध्ये हेडन, मॅककॉब आणि केटर यांनी अशा वाढत्या न्यूरॉनवर सिरोटोनिन सोडलं. हो तेच, रील्समध्ये ज्याला हॅपी केमिकल म्हणतात (मला दर वेळी वैताग येतो). तर काही न्यूरॉनची वाढ जागच्या जागी थांबली, बाकीच्यांना मात्र काही फरकच पडला नाही, ते आपले वाढतच राहिले. आणि जे थांबले ते दुसऱ्या न्यूरॉनशी कनेक्शन पण करेनात. कोण कुणाला जोडला जाणार यात त्या एका केमिकलचा हात होता.

[दृश्य: मायक्रोस्कोपखाली वाढणारा न्यूरॉन.]

आता आपल्याला शाळेत काय शिकवलेलं, की एक न्यूरॉन केमिकल सोडतो, पलीकडचा ते घेतो, झाला निरोप पोचता. बरोबरच आहे ते, पण मोठ्या माणसाच्या मेंदूपुरतं. मेंदू अजून घडतोय तेव्हा पलीकडे कुणी नसतंच की, न्यूरॉनची तार अजून वाटेत असते. तिच्या टोकाला ग्रोथ कोन नावाचा चाचपडत पुढे सरकणारा भाग असतो, स्पेनच्या काहालनं तो 1890 मध्ये दाखवला, आणि तो पण मेलेल्या, रंगवलेल्या तुकड्यांत बघून! हे टोक हलतं असणार हे त्याला नुसतं बघून कळलं. 1994 मध्ये पू यांच्या लॅबमध्ये बेडकाच्या न्यूरॉनच्या टोकाजवळ एका बाजूनं थोडं थोडं असेटिलकोलीन (हे पण निरोप नेणारं एक केमिकल) सोडलं तर टोक तिकडे वळलं. जे पुढे निरोप न्यायला लागणार तेच इथे रस्ता दाखवतंय.

पण सगळ्यात भारी गोष्ट गाबाची.

गाबा पण असंच निरोपाचं केमिकल, मोठ्यांच्या मेंदूतला मुख्य ब्रेक. झोपेच्या, फिटच्या कितीतरी गोळ्या याच गाबाचा जोर वाढवून काम करतात. पण 1989 मध्ये येहेझकेल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या नवजात पिल्लांत बघितलं तर गाबा न्यूरॉनला शांत करायच्या ऐवजी चेतवत होता. कारण साधं आहे, मीठपाण्याचं. कोवळ्या न्यूरॉनच्या आत क्लोराइड जास्त भरलेलं असतं, गाबानं दार उघडलं की ते आत येण्याऐवजी बाहेर पळतं, न्यूरॉनचं व्होल्टेज चढतं आणि कॅल्शियम आत शिरतं. ग्लुटामेट हे न्यूरॉनला चेतवणारं केमिकल, ते घेणारं एक दार म्हणजे एनएमडीए रिसेप्टर, त्याच्या तोंडात मॅग्नेशियम अडकलेलं असतं, फेणीच्या बाटलीला बूच असावं तसं, ते बूच उडवायलाही या चढलेल्या व्होल्टेजची मदत होते. पुढे क्लोराइड बाहेर फेकणारा केसीसी2 नावाचा पंप वाढत जातो, उंदरात जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत, आणि मग गाबा ब्रेक होतो. (जिवंत पिल्लाच्या मेंदूत गाबा खरंच कितपत चेतवतो यावर अजून वाद आहेत, व्होल्टेज चढतं पण तरी ब्रेकच लागतो असंही काही जणांना दिसलंय.)

2011 मध्ये क्वॉन आणि साबातिनी यांनी उंदराच्या पिल्लाच्या मेंदूच्या तुकड्यात, जिथे काहीच नव्हतं अशा जागी लेझरनं ग्लुटामेट मोकळं केलं, तर तिथे कनेक्शन घेणारा नवा कोंब फुटला. 2016 मध्ये गाबानंही कनेक्शनं तयार होतात हे दिसलं, तेही दोन्ही प्रकारची, चेतवणारी आणि ब्रेकवाली.

एवढं ऐकून वाटेल की केमिकलशिवाय पान हलत नाही. तर तसं नाहीये. 2000 मध्ये नेदरलँडमधल्या फेरहागे यांच्या टीमनं असे उंदीर तयार केले ज्यांच्या मेंदूत ही केमिकलं बाहेर सुटतच नव्हती, तरी मेंदूची मांडणी बरोबर झाली, कनेक्शनंसुद्धा झाली! जिवंत मात्र नाही राहिले ते, मांडून झालेले न्यूरॉन मग भराभर मरत गेले. उभारणीचा बराचसा आराखडा जीन्सकडे असतो, पण उभं केलेलं टिकवायचं तर हा केमिकलचा व्यवहार चालू लागतो, असं मला यातून दिसतं.

म्हणून तर पोटात बाळ असताना दारू नको म्हणतात. दारू एनएमडीए रिसेप्टर दाबते आणि गाबाचा जोर वाढवते, दोन्ही एकदम. 2000 मध्येच उंदराच्या पिल्लांना दारू देऊन बघितलं तर मेंदूत ठिकठिकाणी न्यूरॉन मेले. गरोदरपणात इतकी चालेल अशी सुरक्षित मात्रा कुणीच सांगू शकत नाही, मग ती काजूची फेणी असो की बियर.

[दृश्य: बांबोळी, गोमेकॉची (गोवा मेडिकल कॉलेजची) इमारत बाहेरून.]

नवजात बाळाला फिट आली तर जगभर पहिलं औषध बहुतेक फेनोबार्बिटल असतं, जे गाबाचा जोर वाढवतं. पण बऱ्याच बाळांच्या फिट त्यानं थांबत नाहीत, आणि त्याचं एक कारण हेच उलटं क्लोराइड असावं असा संशय आहे. मग युरोपातल्या डॉक्टरांनी बुमेटानाइड नावाचं लघवीचं औषध जोडीला देऊन बघितलं, ते न्यूरॉनमध्ये क्लोराइड भरणारा पंप अडवतं. कागदावर मस्त आयडिया. पण ट्रायल मध्येच थांबवावी लागली, 2015 मध्ये निकाल छापून आला, फिटवर म्हणावा तसा फायदा नव्हता आणि काही बाळांना ऐकू येणं कमी झालं होतं. तोच पंप कानाच्या आतही काम करतो.