वॉटसनला नारळ कोणी दिला?

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचं कार्यकारी मंडळ आणि एवढ्या पावसात आलेल्या श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर मालिका व त्यांचे साहित्यिक पूर्वज'. हे बारसं कार्यवाहांनी केलं. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की टीव्हीनं वॉटसनला नारळ दिला, त्यावर बोलीन. त्यांनी विचारलं, 'वॉटसन कुठल्या खात्यात होते?' (हशा) हसू नका, प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. वॉटसनचं खातं नेमकं कोणतं, तेच तर सांगायला आलोय.

तुम्ही वाचणारी मंडळी आहात, त्यामुळे होम्स कोण, प्वारो कोण हे सांगत बसत नाही. १८४१ साली एडगर ॲलन पोनं पॅरिसमध्ये द्युपँ नावाचा एक महाबुद्धिमान उभा केला, तेव्हा त्याच्या शेजारी एक मित्रही उभा केला. गोष्ट तो मित्र सांगतो. त्या बिचाऱ्याला साधं नावही दिलं नाही. १८८७ साली कॉनन डॉयलनं त्याला शेरलॉक होम्सच्या शेजारी उभं केलं, वॉटसन हे नाव दिलं, डॉक्टरकी दिली, अफगाणिस्तानातली गोळीही दिली. होम्सच्या ६० कथा-कादंबऱ्यांपैकी ५६ वॉटसन सांगतो. का? होम्सला जे दिसतं ते वॉटसनलाही दिसतं, फक्त त्याचा अर्थ लागत नाही. आणि आपल्याला वॉटसनच्याच डोळ्यांनी बघावं लागतं. त्यामुळे एकही खोटं वाक्य न लिहिता लेखक आपल्याला गंडवू शकतो. तेव्हा कार्यवाहसाहेब, वॉटसन लपवाछपवी खात्यात होते. अत्यंत प्रामाणिक माणूस, म्हणूनच तिथे नेमला.

उरलेल्या चार गोष्टी बघा. १९२६ साली होम्सनं स्वतः एक गोष्ट सांगितली आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकलं की वाचकाला गोडी वाटेल असं लिहावं लागतं खरं. याआधी जन्मभर वॉटसनला नावं ठेवली होती! 'मॅझरिन स्टोन'ची कथा तर आधी एकांकिका होती. तिची १९२१ साली गोष्ट केली, तेव्हा वॉटसन तिच्यात आहे, पण सांगणारा कोणी तिसराच. रंगमंचावर गेली आणि याचं काम गेलं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल. पुढे वेळ उरला तर.

आता आमच्या आजीविषयी. (हशा) नाही, विषयाला धरूनच आहे.

१९९३ साली दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्षी' आली. बासू चटर्जींचं दिग्दर्शन, रजित कपूर गुप्तहेर ब्योमकेश, के. के. रैना अजित, म्हणजे त्याचा मित्र, बंगाली कथांमधला त्याचा वॉटसन. आमच्या घरी ती मालिका म्हणजे कोर्ट. वडील पट्टीचे वाचक. बाबुराव अर्णाळकरांची झुंजार आणि काळापहाडची पुस्तकं त्यांनी पोत्यांनी वाचलेली. अर्णाळकरांनी लिहिली हजारावर, त्यामुळे पोती कमी पडत नसत. जाता जाता सांगतो, एका वाचनालयात, इथल्या नव्हे हो, अर्णाळकर 'किरकोळ' असं लिहिलेल्या खणात होते. एकट्या माणसाची हजार पुस्तकं, आणि किरकोळ! साहित्य संमेलनाच्या मांडवात ज्यांचं नाव घेताना लोक घसा खाकरतात, त्यांनी महाराष्ट्राला वाचायची सवय लावली. गिरणीतून सुटलेला माणूस ट्राममध्ये बसून वाचत होता तो काय समीक्षा वाचत होता? असो. हा माझा दुसऱ्या व्याख्यानाचा विषय आहे, अजून कोणी बोलावलेलं नाही.

तर वडील वही घेऊन बसत. कोण किती वाजता कुठे होता, खिडकी उघडी होती की बंद, सगळं टिपून ठेवत. आजी वाती वळत बसे. हिंदी तिला निम्मं कळे, बंगाली नावं तर एकही लक्षात राहत नसे. आणि एका रात्री, ब्योमकेशनं सगळ्यांना एका खोलीत जमवलं, घसा साफ केला आणि वीज गेली.

वाड्यातल्या अकरा बिऱ्हाडांतून एकदम 'अरेरे' उठलं. कंदील आला. वडिलांनी कंदिलाच्या उजेडात वहीवरून खुनी काढला. काकांनी दुसरा काढला. शेजारचे मास्तर लेंगा सावरत आले, त्यांनी तिसरा काढला आणि त्याला कायद्याचं कलमही लावलं. आजी म्हणाली, 'तो चष्मेवाला. त्यानंच मारलं मेल्यानं.' वडील म्हणाले, 'आई, तो दोन वाक्यं बोलून गेलाय. त्याचा काय संबंध?' आजी म्हणाली, 'म्हणूनच. एवढा नावाजलेला नट आहे, नाटकांतून बघितलाय त्याला. दोन वाक्यांसाठी कशाला बोलावतील?'

नदीपलीकडे मामाकडे वीज होती. मला सायकलवरून तिकडे पिटाळलं. परत येऊन दारातच सांगितलं, 'चष्मेवाला.' कंदिलाभोवती कोणी बोलेना. वडील म्हणाले, 'पण पुरावा काय?' आजीनं वात वळता वळता सांगितलं, 'पुरावा तुझा तू शोध. वही आहे ना तुझ्याकडे.'

(टाळ्या) टाळ्या आजीला पोचवतो. पण तिनं केलं काय ते बघा. कादंबरीत नट नसतात. ब्योमकेशचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्यायांनी कागदावर 'चष्मा लावलेला एक गृहस्थ' असं लिहिलं, तर त्याची किंमत तेवढ्याच शब्दांची. पडद्यावर त्याला चेहरा येतो, मानधन येतं, आणि निर्माता मानधन वसूल करतोच. आजही घरी बसून हा प्रयोग करा. छोट्या कामात ओळखीचा चेहरा दिसला की बायकोकडे बघून मान हलवायची. मात्र हा प्रयोग रोज केलात तर टीव्ही एकट्यानं बघावा लागेल.

चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे.' उरली की झाली? ... उरली. म्हणजे अजून विषयाला हातच लागलेला नाही. पळत पळत सांगतो.

ब्योमकेशची 'सत्यान्वेषी' ही कथा घ्या. कलकत्त्याच्या एका मेसमध्ये, म्हणजे खोल्या भाड्यानं देणाऱ्या खानावळीत, अजित राहतो. अतुल नावाचा एक गरजू तरुण येतो, अजित त्याला आपल्या खोलीत जागा देतो. हा अतुल कोण, त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही, आपल्याला कळत नाही, कारण अजितला कळत नाही. अतुल म्हणजेच ब्योमकेश, हा त्या कथेचा अर्धा जीव. मालिकेत काय होतं? दार उघडतं, रजित कपूर आत येतो, आणि सगळा भारत म्हणतो, आला! कथा तीच, संवाद जवळपास तेच, काहीही बदललेलं नाही. फक्त कॅमेरा अजितच्या डोळ्यांच्या मागे न राहता बाजूला उभा आहे, आणि तेवढ्यानं रहस्य गेलं.

ॲगाथा ख्रिस्तीची 'रॉजर ॲक्रॉइड', १९२६. ज्यांनी वाचली नाही त्यांनी कान झाका. शंभर वर्षं होत आली, मी तरी किती जपायचं? तिथे गोष्ट सांगणाराच खुनी आहे. हे फक्त कागदावर जमतं. डेव्हिड सूशे ख्रिस्तीचा गुप्तहेर प्वारो होता त्या मालिकेत २००० साली ती आली, तेव्हा त्या निवेदनाची डायरी करावी लागली, आणि ती प्वारोलाच वाचायला दिली. सूशेइतका चोख प्वारो पडद्यावर दुसरा झाला नसेल, पण त्या भागात तोही हतबल.

मग या बेकार झालेल्या निवेदकाचं करायचं काय? विदूषक. सिनेमात नायजेल ब्रूसनं वॉटसनचा बावळट आजोबा केला. आपल्याकडे १९८५ साली 'करमचंद' आली, गाजर खाणारा गुप्तहेर पंकज कपूर आणि शेजारी त्याची मदतनीस...? ('शट अप किटी!' सभागृहातून) बघा, तुम्हाला संवाद पाठ आहे. वॉटसनच्या घराण्याची ही अवस्था झाली. ग्रॅनाडाच्या मालिकेत १९८४ पासून होम्स झालेल्या जेरेमी ब्रेटच्या शेजारी वॉटसन पुन्हा शहाणा माणूस झाला, म्हणून ती मालिका मला सगळ्यांत मोठी वाटते. बीबीसीच्या 'शेरलॉक'नं उलटं केलं. होम्सच्या डोक्यातले विचार अक्षरं करून हवेत तरंगत ठेवले. वॉटसन ब्लॉग लिहितो, पण आता त्याची गरज काय?

'सीआयडी'. १९९८ ते २०१८. बी. पी. सिंग यांनी आधी मराठीत 'एक शून्य शून्य' केली होती, शिवाजी साटम तिथेही होते, त्यामुळे हे घराणं आपलंच. तिथे एक वॉटसन गेला आणि सहा आले. 'सर, इथे रक्त आहे.' 'सर, खिडकी उघडी आहे.' आम्हाला दिसतंय रे बाबा! पण बघणारी बाई कुकरची शिट्टी मोजायला आत गेलेली असते, तिच्यासाठी ते बोलावं लागतं. माझ्या मते ही टीव्हीची अडचण नव्हे, अक्कल आहे.

सगळ्यांत हुशार निघाला अमेरिकन मालिकेतला पोलीस 'कोलंबो'. तो म्हणतो, कॅमेऱ्याला लपवता येत नाही ना, मग लपवूच नका. खून पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत दाखवा. ही युक्ती ऑस्टिन फ्रीमननं १९१२ साली पुस्तकात करून ठेवली होती, आणि कोलंबोचा स्वभाव त्याच्या निर्मात्यांनी दोस्तोयेव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मधल्या तपास अधिकारी पोर्फिरीवरून घेतला, हे त्यांनीच सांगितलंय. कोलंबोला वॉटसन नाही. बायको आहे, तीही फक्त त्याच्या बोलण्यात.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. शेवटचं. माझ्या म्हणण्यातली गोम मीच सांगतो. शरदिंदुंनी शेवटच्या काही कथांत अजितला निवेदनातून काढून टाकलं. स्वतः लेखकानं! शरदिंदु गेले १९७० साली, कलकत्त्यात टीव्ही आला १९७५ साली. तेव्हा टीव्हीवर हा गुन्हा टाकता येत नाही. पण हा माणूस १९३८ साली बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहायला मुंबईत आला होता. मधली पंधराएक वर्षं ब्योमकेश गप्पच होता. १९५२ साली सिनेमा सोडून शरदिंदु पुण्याला येऊन राहिले, आणि नंतरचा ब्योमकेश लिहिला तो पुण्यात बसून. चौदा वर्षं कॅमेऱ्यासाठी लिहिल्यावर अजित त्यांना अडगळ वाटू लागला असेल का? माझा संशय तसा आहे. उलटतपासणी चहाच्या टेबलापाशी घ्या, भजी आलेली दिसतायत.