आगोटीची बेगमी आणि देशाचं कोठार

(दादर इथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायला सुरुवात करण्याआधी हा तुकडा पहिल्या रांगेपासून मागे फिरवा. चार बाय चार इंच, वजन पाऊण-एक किलो. हातात घ्या, कारण आजचा विषय हातात घेतल्याशिवाय कळत नाही. हे निकेल आहे, आणि विषय आहे अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या मालाचा, कारखान्याच्या, घराच्या आणि देशाच्या.

मी छत्तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. आम्ही समुद्राच्या पाण्यात चालणाऱ्या पंपांचे भाग ओतायचो. त्याचं कासं निराळं असतं. त्यात अ‍ॅल्युमिनियम लागतं आणि शंभर किलोमागे साधारण पाच किलो निकेल लागतं. पाचच किलो, पण ते नसेल तर उरलेल्या पंचाण्णव किलोंचं काहीच करता येत नाही. हे पाच किलो लक्षात ठेवा.

माझ्या आधीच्या स्टोअरकीपरने मागच्या भिंतीला पाच ड्रम राखून ठेवले होते. अडीचशे किलोचा एकेक ड्रम, शिशाचं सील आणि बिन कार्डावर, म्हणजे मालाच्या आवक-जावक नोंदीच्या कार्डावर, लाल पेन्सिलीने ‘राखीव’. रोजच्या कामाचं निकेल वेगळं यायचं, वेगळं जायचं. २००५ साली ऑडिट झालं. तीन वर्षांत या कार्डावर एकही नोंद नाही, म्हणजे नॉन-मूव्हिंग, म्हणजे पैसा अडकला. मी वर जाऊन सांगितलं की साहेब, हा माल हलला नाही हेच त्याचं काम आहे. उत्तर मिळालं, बाजारात हवं तेव्हा मिळतं. ड्रम गेले. तेव्हा निकेलचा भाव टनाला पंधरा हजार डॉलरच्या आसपास होता. २००७ च्या मे महिन्यात लंडनच्या बाजारात तो पन्नास हजारांवर गेला आणि नेमकी त्याच वेळी आमच्याकडे पंपांची मोठी ऑर्डर आली. नेहमीच्या पुरवठादाराने हात वर केले. मी गुलालवाडीत, मुंबईच्या धातूबाजारात, पेढी-पेढी फिरलो. दुप्पट-तिप्पट पैसे मोजून चारशे किलो मिळालं, तेही तीन वेगवेगळ्या मालांचं. भट्टी अकरा दिवस थंड होती. ओतकामाची माणसं भिंतीला टेकून बसलेली मी रोज बघायचो. ते अजून मनातून जात नाही. ड्रमांच्या विक्रीचा नफा ते विकले त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसला. अकरा दिवसांची थंड भट्टी कुठल्या रकान्यात लिहायची, ते मला कोणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की राखीव साठ्याला रोजच्या स्टोअरची फूटपट्टी लावली की तो साठा मरतो. कारखान्याचा मरतो तसाच देशाचाही.

आमच्या लालबागच्या चाळीत आजीला हे शिकवावं लागलं नव्हतं. आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, आली की पोटमाळा भरायचा. सुके बोंबील, सोडे, जवळा, मीठ लावून वळलेले चिंचेचे गोळे, बरणीत वर्षाचा मसाला. तांदळात कडुनिंबाचा पाला. जूनच्या आधी बोंबलांना पुन्हा ऊन दाखवायचं, गेल्या वर्षीचं पुढे ओढायचं, नवं मागे सारायचं. आणि फळीवरच्या मागच्या डब्याला घरातल्या कोणीही हात लावायचा नाही, आजोबांनीसुद्धा नाही. पाहुणे आले म्हणून तो डबा उघडत नसे. समुद्र बंद झाला आणि बाजारही बंद झाला तरच उघडत असे. समोर मान हलताना दिसतायत, म्हणजे तुमच्याही घरी हा डबा होता.

आता देशाकडे येतो. अमेरिकेने १९३९ साली अशा राखीव साठ्यासाठी कायदा केला आणि १९४६ नंतर साठा जोरात वाढवला. त्यात आपल्याकडचा अभ्रकही होता, कोडरम्याचा, तेव्हाच्या बिहारमधला. रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्यांमध्ये, तो लागायचा. पुढे ट्रान्झिस्टर आला, व्हॉल्व्ह गेले आणि अभ्रक गोदामांत पडून राहिला. तो टप्प्याटप्प्याने विकायला कित्येक वर्षं लागली. म्हणजे नुसतं भरून ठेवणं पुरत नाही, कशासाठी भरलंय ते दर काही वर्षांनी नव्याने विचारावं लागतं. उलटी चूकही त्यांनीच केली. १९७९ साली कायद्यात लिहिलं की हा साठा फक्त देशाच्या संरक्षणासाठी आहे, अर्थसंकल्पाची सोय बघायला नाही. तरी शीतयुद्ध संपल्यावर १९९० च्या दशकात बहुतेक माल विकायला काढला आणि पैसा इतर खर्चांकडे वळला. मला माझे पाच ड्रम आठवतात.

आपण हे करूच शकत नाही, असं नाही. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूरला जमिनीखाली खडक पोखरून ५३.३ लाख टन कच्चं तेल मावेल अशा गुहा आपण बांधल्या. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये जग घरात बसलं होतं आणि भाव कोसळले होते. तेव्हा पिंपाला सरासरी १९ डॉलरने त्या भरून घेतल्या आणि सुमारे पाच हजार कोटी रुपये वाचले. त्या दिवसांत ज्यांनी हे काम केलं त्यांना मी मनापासून नमस्कार करतो.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. खरा विषय आत्ता सुरू होतोय, तेव्हा भरभर सांगतो.

तेलाचं जमलं, खनिजांचं अजून जमायचं आहे. २०२३ च्या जूनमध्ये सरकारने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्रीय मोहीम मंजूर झाली, तिच्यात देशात साठा उभारण्याचाही प्रस्ताव आहे. एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपले गाड्यांचे कारखाने चुंबकांसाठी धावाधाव करू लागले. गाडीत ते चुंबक असतं किती? माझे पाच किलो आठवा.

आणि ही माती आपल्याकडे आहे! केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे, ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं ज्यातून निघतात ते खनिज. ते काढणारी सरकारी कंपनी १९५० पासूनची, तिचं मुख्यालय इथून चालत जाण्याइतकं जवळ, प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या शेजारी. पण गहू असून गिरणी नसली तर भाकरी... माफ करा, पोळी होत नाही. म्हणून साठा कुठल्या रूपात ठेवायचा, हा पहिला प्रश्न. चुंबकात लागणारं दुर्मीळ मृदा मूलद्रव्य म्हणजे निओडिमियम; तो धातू हवेत गंजतो, त्याचं ऑक्साइड टिकतं. बॅटरीसाठी लागणारं लिथियम हायड्रॉक्साइड हवेतला दमटपणा ओढून घेतं, मुंबईच्या जुलैत त्याचं पोतं ठेवून बघा. लिथियमचं कार्बोनेट त्या मानाने सोशिक. पण नुसतं ऑक्साइड साठवलं आणि चुंबक करणारी भट्टी नसली, तर अडचणीच्या दिवशी त्या पोत्यांकडे बघत बसावं लागेल. थोडं ऑक्साइड, थोडा धातू, थोडे तयार चुंबक, असं ठेवा.

दुसरं, माल फिरता ठेवा. जुना कारखान्यांना द्या, नवा त्यांच्याकडून भरून घ्या, पण एकूण वजन घटू देऊ नका. जपानने १९८३ पासून दुर्मीळ धातूंचा साठा ठेवलाय आणि तो दिवसांत मोजतात, इतक्या दिवसांची गरज भागेल असा. रुपयांत मोजला की ऑडिटर येणारच.

तिसरं, किल्ली. कोण उघडणार, कशासाठी, आणि उघडल्यावर किती महिन्यांत परत भरणार, हे संसदेच्या कायद्यात लिहा. भाव वाढला म्हणून उघडायचं नाही, तूट आली म्हणून तर नाहीच. आणि हे खातं सांभाळणाऱ्या माणसाला बिन कार्ड हललं नाही म्हणून कोणी जाब विचारणार नाही, हेही त्याच कायद्यात हवं.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. तो निकेलचा तुकडा खांबाजवळच्या रांगेत दिसतोय, जाताना टेबलावर आणून द्या.