एका कामगाराची फाइल

(सोलापुरात एमबीए आणि एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या) शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी जिना चढताना पुढे दोन मुली बोलत होत्या, एचआरमध्ये, म्हणजे मनुष्यबळ विभागात, सगळी कामं करणारी जनरलिस्ट व्हायचं की एकाच कामातली स्पेशालिस्ट, याबद्दल. एक म्हणाली, "जनरलिस्ट झालं की सगळं थोडं थोडं येतं आणि पूर्ण काहीच येत नाही." दुसरी म्हणाली, "आणि स्पेशालिस्ट झालीस तर वर्षानुवर्षं उमेदवारांना फोन करत बसशील." त्या दोघी इथेच कुठेतरी बसल्या असतील. दोघींची भीती खरी आहे. या क्षेत्रात शिरताना मलाही हीच भीती वाटत होती, म्हणून व्याख्या सांगत न बसता मी एक फाइल उघडते.

माझी पहिली नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात. अडीचशेच्या वर कामगार. माझ्या टेबलावर 'एचआर एक्झिक्युटिव्ह' अशी पाटी होती आणि त्या पाटीखाली सगळं यायचं. सकाळच्या पाळीची हजेरी, खाडे, रजेचे अर्ज, ईएसआयची (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची) कार्डं, ठेकेदाराची बिलं, कँटीनच्या तक्रारी, दिवाळीच्या बोनसची यादी. म्हणजे पक्की जनरलिस्ट. घरी आम्ही तेलुगू बोलतो. आईने पूर्व भागातल्या घरात बसून वर्षानुवर्षं विड्या वळल्या. हजार विड्यांचा हिशोब मी लहानपणी तिच्या मांडीशी बसून शिकले. त्यामुळे मजुरीचा हिशोब चुकला की घरात काय होतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

नोकरीला वर्ष होत आलं होतं, तेव्हा आमचा एक यंत्रमाग कामगार झोपेतच गेला. हृदयविकाराचा झटका. अकरा वर्षांची नोकरी, पदरात चार वर्षांची मुलगी. तेराव्यानंतर त्याची बायको आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "अक्का, आता काय काय मिळंल?"

मी फाइल काढली. त्या एका प्रश्नाची उत्तरं सहा कप्प्यांत विखुरलेली होती. पहिला फंड, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी. दुसरी, मालकाच्या 12 टक्क्यांतला 8.33 टक्के भाग ज्या पेन्शन योजनेत जातो, ती विधवा पेन्शन. तिसरा, फंडाला जोडलेला विमा. ही योजना 1976 पासून आहे, आज तिची कमाल रक्कम 7 लाखांपर्यंत जाते आणि कित्येक घरांना ती असते हेच ठाऊक नसतं. चौथी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांच्या हिशोबाने मालकाने द्यायची रक्कम. एरवी पाच वर्षांची अट, पण मृत्यू झाल्यास ती अट लागत नाही. पाचवा, ईएसआयकडून मिळणारा अंत्यविधीचा खर्च. सहावा, राहिलेला पगार, शिल्लक रजा आणि बोनस. मोठ्या कंपनीत या सहा गोष्टी चार निरनिराळी माणसं बघतात. मी एकटीच होते, म्हणून त्या बाईला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरावं लागलं नाही. जनरलिस्ट असण्याचा खरा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पण गोष्ट इथे संपत नाही. फंडाच्या नामनिर्देशनात त्याने भावाचं नाव लिहिलं होतं. फॉर्म लग्नाआधीचा होता आणि नंतर कुणी बदलून घेतला नव्हता. मी तिला सांगितलं की दिराचं संमतिपत्र आणावं लागेल. दीर भिवंडीला. तो आधी 'देतो' म्हणाला, मग फोन उचलेना, मग म्हणाला की पैसे माझ्या नावावर आहेत. चार महिने गेले. तेवढ्यात तिने कानातलं विकलं. शेवटी मी फंडाचंच काम आयुष्यभर केलेल्या एका निवृत्त गृहस्थांकडे फाइल घेऊन गेले. त्यांनी फॉर्मवरची तारीख बघितली, लग्नाची तारीख विचारली आणि 1952 च्या फंड योजनेतला 61वा परिच्छेद माझ्यापुढे ठेवला. कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन, पुढे कुटुंब झालं की आपोआप रद्द होतं. भाऊ त्या योजनेच्या व्याख्येतल्या कुटुंबात बसतच नाही. संमतिपत्राची गरजच नव्हती. चहा निवायच्या आत माझं चार महिन्यांचं कोडं सुटलं.

चूक माझी होती. तिचं ऐकून घ्यायला मी होते, तिचे सहा हक्क मला एका दमात सांगता आले, पण त्यातला एकही कप्पा मला तळापर्यंत माहीत नव्हता. त्या गृहस्थांना तो कप्पा तळापर्यंत माहीत होता, पण ती बाई स्वतःहून त्यांच्यापर्यंत कधीच पोचली नसती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पहिली तीन वर्षं अशा जागी काढा जिथे एका माणसाची नोकरी गेटपासून अखेरच्या हिशोबापर्यंत तुमच्या डोळ्यांसमोरून जाते. आणि त्याच तीन वर्षांत एक कप्पा निवडून तो तळापर्यंत उकरा. दोन्ही कामं एकाच वेळी करायची आहेत. आधी पाच वर्षं हे, मग ते, असं वेळापत्रक आखलं तर दुसरं कधीच सुरू होत नाही. हे मी माझ्याबरोबरच्या अनेकांच्या बाबतीत बघितलं आहे.

जनरलिस्ट आणि स्पेशालिस्ट ही विभागणी आली कुठून, तेही थोडक्यात सांगते, कारण आपण तिला आपल्या स्वभावाची परीक्षा समजून बसतो. आपल्या शहरात 1877 मध्ये जुनी मिल सुरू झाली. त्या काळातल्या कापड गिरण्यांत भरती, बढती, रजा, दंड सगळं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात. त्याचा हात ओला केल्याशिवाय माग मिळत नसे. 1929 मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगाने 1931 च्या अहवालात हे अधिकार जॉबरकडून काढून श्रम अधिकाऱ्याकडे द्या असं सुचवलं. 1948 च्या कारखाना कायद्याने 500 कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी सक्तीचा केला. 1974-75 च्या सुमारास उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रोसाठी मनुष्यबळ विकासाची वेगळी रचना आखून दिली. मग 1990 च्या दशकात मिशिगन विद्यापीठातले डेव्ह उलरिच यांची मांडणी आली आणि तिच्या आधाराने मोठ्या कंपन्यांनी या कामाचे तीन भाग केले: कागदपत्रं एका केंद्रात, तज्ज्ञ दुसऱ्या ठिकाणी, आणि धंद्याच्या प्रमुखाशेजारी बसणारा बिझनेस पार्टनर तिसरीकडे. दहा-वीस हजार माणसं सांभाळताना अशी वाटणी करावी लागते. ती कंपनीची सोय आहे. तुमच्या बुद्धीचा त्यात काही निकाल लागत नाही.

त्यामुळे पाटीवर काय लिहिलं आहे त्याला फार महत्त्व देऊ नका. मी असे जनरलिस्ट बघितले आहेत ज्यांनी सहा वर्षं फक्त मस्टर भरलं आणि सह्या गोळा केल्या. असे 'टॅलेंट ॲक्विझिशन स्पेशालिस्ट', म्हणजे भरतीचे तज्ज्ञ, बघितले आहेत जे दिवसभर मुलाखतीच्या वेळा जुळवतात आणि उमेदवार का निवडला गेला हे त्यांना कुणी सांगत नाही. मुलाखतीला गेलात की हे विचारा: पगारपत्रक इथे तयार होतं की बाहेरच्या एजन्सीकडे? कामगाराची खातेनिहाय चौकशी लागली तर चौकशीच्या खोलीत मी बसेन का? संघटनेशी करार होतो तेव्हा टेबलावर कोण असतं? राजीनामा आला की त्या माणसाशी शेवटचं बोलणं कोण करतं? या चारांपैकी दोन ठिकाणी जरी तुम्हाला शिरता आलं, तरी ती नोकरी शिकवणारी आहे. पद काहीही असो.

आता कुठला कप्पा उकरायचा? माझं मत विचाराल तर पगार. त्यात कुणाला फारशी चमक दिसत नाही. प्रशिक्षण, संस्कृती, ॲनालिटिक्स ऐकायला छान वाटतं, आणि तीही चांगली कामं आहेत. पण हजेरी, रजा, फंड, ईएसआय, ग्रॅच्युइटी, बोनस, करार, बढती, सगळं शेवटी पगारपत्रकावर येऊन मिळतं. ते वाचता आलं की कारखाना वाचता येतो. त्या कामगाराच्या ग्रॅच्युइटीसाठी मूळ वेतन समजा 13,000 धरलं, तर भागिले महिन्याचे 26 दिवस म्हणजे 500, गुणिले वर्षामागे 15 दिवस म्हणजे एका वर्षाचे 7,500, आणि अकरा वर्षांचे 82,500. हा हिशोब तिच्यासमोर कागदावर करून दाखवता आला पाहिजे, तिला कळेल अशा भाषेत. सॉफ्टवेअर आकडा देतं. तो का आला हे तुम्ही सांगायचं असतं.

पगाराकडे वळा म्हणण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते अगदी ताजं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि 29 जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. वेतनाची व्याख्याच बदलली. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. एखाद्याला 20,000 मिळतात, त्यात मूळ 7,000 आणि असे भत्ते 13,000. आता भत्ते 10,000 पर्यंतच वगळता येतात, उरलेले 3,000 वेतनात येतात, आणि ग्रॅच्युइटी 7,000 ऐवजी 10,000 वर मोजायची. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. वीस वर्षं या खुर्चीत बसलेल्या माणसालाही हे नव्याने वाचावं लागतं आहे. ज्येष्ठ आणि नवखा एकाच पानावर असण्याची वेळ एखाद्या क्षेत्रात क्वचितच येते. तुम्ही चोवीस वर्षांचे आहात आणि या चार संहिता तुम्ही मुळातून वाचल्यात, तर कारखान्यातला मॅनेजर तुम्हाला बोलावून विचारेल.

एमएसडब्ल्यूवाल्यांनी आणखी एक ऐका. कल्याण अधिकारी नेमायची 500 कामगारांची मर्यादा नव्या संहितेत 250 वर आली आहे. माझ्या त्या पहिल्या कारखान्याला तेव्हा हे बंधन नव्हतं, आज ते आहे. चिंचोळीच्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मधल्या आकाराचे जे कारखाने आहेत, त्यांच्याकडे या नजरेने बघा.

मी पुढे पुण्याला गेले, हिंजवडीत, एका मोठ्या कंपनीच्या कॉम्पेन्सेशन, म्हणजे पगार ठरवणाऱ्या, विभागात. सहा वर्षं. तिथे मी ग्रेड, बाजारभावाचा मध्यक, वेतनश्रेणीतली जागा हे सगळं शिकले. तो अभ्यास खोल होता आणि मला तो फार आवडला. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं की गेल्या वर्षभरात ज्या नऊशे माणसांची पगारवाढ मी मांडली, त्यांतल्या एकाशीही मी बोललेली नव्हते. त्या तक्त्यात एक ओळ लाल दिसली की मला अजूनही अक्कलकोट रोडवरचं ते टेबल आठवायचं आणि मी विचारायची, हा माणूस कोण आहे? माझ्या शेजारचे सहकारी हुशार होते, माझ्यापेक्षा आकडेमोड चांगली करायचे, पण थेट कॉलेजातून तिथे आलेले. हा प्रश्न त्यांना सुचायचा नाही, कारण समोर बसलेली बाई त्यांनी कधी बघितलीच नव्हती. त्यांचा तो दोष नाही. त्यांना ती संधी मिळाली नाही.

ज्यांना हे लागू पडत नाही असेही इथे असतील. कुणाला आत्ताच पक्कं ठाऊक असेल की मला डेटाचंच काम करायचं आहे, आकडे बघितले की भूक विसरते. त्याने जरूर सुरुवातीपासून तेच करावं. फक्त वर्षातले पंधरा दिवस तरी हट्टाने एखाद्या प्लांटवर काढावेत, रात्रपाळीसकट.

आणि भाषेचं. इथल्या बहुतेकांना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड किंवा उर्दू येते. बायोडेटामध्ये तुम्ही ते शेवटच्या ओळीत लिहिता. वर आणा. ज्या कामगाराची तक्रार तुम्ही त्याच्या भाषेत ऐकता, तो तुम्हाला चौकशीत खरं सांगतो.

शेवटी प्रश्न आले. बहुतेक पगाराबद्दल होते. एक मात्र इथे देते. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मला चिंचोळीतल्या एका कारखान्यात 15,000 ची नोकरी मिळते आहे आणि पुण्यात रिक्रूटमेंट एजन्सीत 22,000 ची. घरचे म्हणतात सोलापुरातच राहा. मला वाटतं, मी घाबरून राहिले असं होईल."

पुण्यात खोलीचं भाडं आणि मेस धरली की ते वरचे 7,000 उरत नाहीत, हे तुला माहीत असेलच. पण मी त्यावरून ठरवायला सांगणार नाही. घाबरून जाणं आणि घाबरून राहणं, दोन्ही सारखंच. उद्या सकाळी त्या चिंचोळीच्या कारखान्यात फोन कर आणि विचार, पगारपत्रक कोण बनवतं, आणि मला त्याच्या शेजारी बसायला मिळेल का. 'हो' म्हणाले तर तिथे जा. 'ते आमचे सीए बघतात' म्हणाले तर पुण्याच्या एजन्सीला विचार, उमेदवार नाकारला गेला की त्याचं कारण मला कळेल का. दोन्हीकडून काय उत्तर आलं ते मला कळव. माझा नंबर तुमच्या सरांकडे आहे.