मे महिन्यात दुपारी कराडचं विमान महाबळेश्वरच्या वर असतं

सेसना १५२ हे शिकायचं विमान म्हणजे दोन सीट, पुढं एक पंखा आणि ११० हॉर्सपॉवरचं लायकमिंग इंजिन, बास. १९७७ ला आलं, १९८५ ला बनवायचं बंद केलं, तरी पोरं अजून त्याच्यावरच शिकतात. ताकद कमी आहे म्हणून नावं ठेवणारे खूप भेटतात, पण मला विचाराल तर ताकद कमी आहे म्हणूनच ते शिकवतं, कारण मोठं इंजिन तुमच्या चुका ओढून नेतं, हे नेत नाही.

हिशोब बघा. रिकामं विमान साधारण ५०० किलो, आणि उडताना सगळं मिळून ७५७ किलोच्या वर जायचं नाही. राहिले अडीचशे. टाक्या फुल केल्या की पेट्रोलचेच ७० जातात, मग नव्वद-नव्वद किलोचे दोघं बसले की संपलं, बॅगेत कंदी पेढ्यांचा बॉक्स ठेवायचा म्हटलं तरी विचार करावा लागतो. हसताय, पण विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर दोघंही अंगानं भरलेले असले तर पेट्रोल कमी भरून जावं लागतं.

आता आपल्याकडचा उन्हाळा. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ च्या सुमारास झाली, लांबी तेराशे मीटरच्या आत, उंची समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फूट. दुपारी पारा चाळीसला गेला की हवा एवढी विरळ होते की विमानाच्या दृष्टीनं ती उंची पाच हजार फुटांच्या पुढं जाते, आणि महाबळेश्वर आहे साडेचार हजारांवर! इंजिनला श्वास कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना आधार कमी, तिन्हीकडून मार. एअरस्पीडचा काटा ५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ९३ किलोमीटर, दाखवला की नाक उचलायचं, ते तसंच, पण विरळ हवेत तेवढा काटा यायला जमिनीवरून जास्त पळावं लागतं, म्हणजे धावपट्टी जास्त लागते, वर परत चढायचा वेग मंद. म्हणून उन्हाळ्यात शिकायचं ते सकाळी, दहानंतर ऊन चढलं की मी तरी नवीन पोराला वर नेत नाही.

स्टॉलची भीती सगळ्यांनाच असते. इंजिन बंद पडणं म्हणजे स्टॉल नव्हे हां, पंख हवेला फार तिरका धरला की हवा त्याला चिकटून वाहत नाही, आणि उचल जाते. तसं व्हायच्या थोडं आधी कॉकपिटमध्ये पिपाणीसारखा आवाज यायला लागतो. त्याला वायर नाही, बॅटरी नाही, डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक आणि आत पेटीत असते तशी रीड, हवा ओढली जाते आणि ती वाजते, मिरजेच्या लोकांना हे समजवायला नको. वाजली की नाक खाली, थ्रॉटल पूर्ण, म्हणजे इंजिनला सगळी ताकद. पोरं उलटं करतात, घाबरून स्टिअरिंग अजून छातीकडं ओढतात.

मगाशी कुणीतरी विचारलं, इंजिन वर बंद पडलं तर? ६० नॉट धरायचे, हजार फुटांवरून वारा नसेल तर अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जाता येतं, तेवढ्यात शेत निवडायचं. उभा ऊस नको, नांगरलेलं असेल तर सरीच्या दिशेनंच उतरायचं, आडवं नाही. आणि तासगावकडं असाल तर द्राक्षबाग वरून कितीही सपाट हिरवी दिसू दे, खाली सगळे खांब आणि तारा असतात, तिकडं बघायचंसुद्धा नाही.