ज्याच्या हाती काम, तोच समाज

दर गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला स्पेनमधील वालेन्सिया शहरात, कॅथेड्रलच्या एका दारासमोरच्या उघड्या जागेत, काळे अंगरखे घातलेले आठ जण गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर येऊन बसतात. तूरिया नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या कालव्यांचे हे प्रतिनिधी आहेत आणि त्या कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनीच त्यांना निवडून दिलेले आहे. एकेका कालव्याच्या नावाचा पुकारा होतो. कोणी पाळी मोडून पाणी घेतले असेल किंवा पाटाची सफाई टाळली असेल, तर तक्रार तोंडी मांडली जाते. वकील नसतो, कागदांचे गठ्ठे नसतात. ज्या कालव्याचा वाद असेल त्याचा प्रतिनिधी निकालापासून दूर राहतो, आणि जो निकाल लागतो त्यावर अपील नाही. कित्येक गुरुवारी एकही तक्रार येत नाही आणि काही मिनिटांतच सभा उठते.

युनेस्कोने २००९ साली या पाणी न्यायालयाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. तो सन्मान योग्यच आहे, परंतु ही परंपरा सन्मानामुळे टिकलेली नाही. पाण्याचा निर्णय खरोखर तिथे होतो, म्हणून ती टिकली आहे. उद्या हाच अधिकार दूरच्या एखाद्या खात्याकडे गेला आणि शेतकऱ्यांकडे केवळ काळे अंगरखे उरले, तर पर्यटकांची गर्दी तशीच राहील, पण न्यायालय संपलेले असेल. संस्कृती जतन करण्याच्या आजच्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट सुटते, असे आम्हाला वाटते.

स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातील टोर्बेल हे डोंगरी गाव याचे आणखी एक जुने उदाहरण आहे. उंचावरची कुरणे, जंगल आणि पडीक जमीन गावाने मिळून कशी सांभाळायची, याविषयीचा तिथल्या रहिवाशांचा करार १४८३ सालचा आहे. पुढे १५१७ मध्ये असा नियम झाला की, हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या वैरणीवर पोसता येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडाव्यात. मोजायला सोपा, लपवाछपवीला जागा न देणारा आणि कुरणाची ताकद ओळखून केलेला हा नियम कोणत्याही राजधानीत सुचला नसता. सामाईक संपत्ती लोक ओरबाडून संपवतातच, हे गृहीत तपासून पाहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आपल्या अभ्यासात टोर्बेल आणि वालेन्सिया या दोन्ही ठिकाणांचा आधार घेतला. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मग असे समाज विरळ का झाले? बाजार आणि स्थलांतर ही कारणे आहेतच, पण एक कारण राजकीय विचारातही आहे. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९० मध्ये जुने प्रांत मोडून देशाची ८३ विभागांत नव्याने आखणी केली, आणि १७९१ च्या ल शापलिये कायद्याने कारागिरांच्या संघटनांवर बंदी घातली. एका बाजूला व्यक्ती आणि दुसऱ्या बाजूला राष्ट्र. या दोहोंच्या मध्ये कोणी उभे राहू नये, ही त्यामागची धारणा होती. जन्माने मिळालेले विशेषाधिकार मोडणे न्याय्यच होते. मात्र अधिकार मोडताना माणसांना एकत्र ठेवणारी कामेही त्यांच्या हातून गेली.

याच फ्रान्समधला राजकीय विचारवंत अलेक्सी द तोकव्हील १८३१ मध्ये अमेरिकेत गेला, तेव्हा तिथल्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातील गावे आपला कारभार स्वतः पाहतात, याचे त्याला अप्रूप वाटले. विद्येच्या बाबतीत जे काम प्राथमिक शाळा करतात, तेच स्वातंत्र्याच्या बाबतीत गावच्या संस्था करतात, असे त्याने लिहिले. लोकांवर जुलूम न करता, उलट त्यांची काळजी वाहत, त्यांना कायमचे अजाण ठेवणाऱ्या सत्तेची भीतीही त्याने बोलून दाखवली. पुढे १९५३ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट निस्बेट याने हा विचार अधिक नेमका केला. माणसे नुसती सोबत राहावी म्हणून टिकाऊपणे एकत्र येत नाहीत. एकट्याने न होणारे काही करायचे असते, म्हणून येतात. ते काम काढून घेतले की आपलेपणाची भूक मात्र मागे उरते.

आजचे राजकारण याच भुकेवर चालते. ज्याला आपल्या वस्तीच्या पाण्याविषयी, शाळेविषयी किंवा जमिनीविषयी काहीही ठरवता येत नाही, त्याला एका अफाट समूहाचा अभिमान आणि तितक्याच अफाट शत्रूचा राग देऊ केला जातो. तो अभिमान पाळण्यासाठी शेजाऱ्याची ओळख लागत नाही, शेजाऱ्याचे ऐकून घ्यावे लागत नाही. परंपरेचे नाव घेऊन चालणारे पक्षही या बाबतीत वेगळे वागत नाहीत, आणि परंपरा मानणाऱ्यांना याचे अधिक दुःख व्हायला हवे.

स्थानिकतेविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडला. खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर आहे, असे सांगून संविधानाच्या मसुद्याने गावाऐवजी व्यक्तीला घटक मानले याचा त्यांनी आनंद व्यक्त केला. या आक्षेपाला गौरवगीतांनी उत्तर देता येत नाही. स्वित्झर्लंडच्याच आपेन्झेल इनररोडन प्रांतात खुल्या मैदानात हात वर करून मतदान करणाऱ्या पुरुषांच्या सभेने स्त्रियांना तो हक्क वारंवार नाकारला, आणि १९९० मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तो मिळवून द्यावा लागला. जवळच्या माणसांची सत्ता दूरच्या सत्तेहून निर्दय असू शकते, म्हणून व्यक्तीच्या हक्कांचे रक्षण वरच्या न्यायालयाकडेच राहिले पाहिजे. मात्र पाणी कोणत्या दिवशी सोडायचे, हे ठरवण्यासाठी त्या न्यायालयाची गरज नसते.

डेन्मार्कमध्ये २००७ साली, संसदेने ठरवलेल्या सुधारणेनुसार, २७१ नगरपालिकांच्या ९८ झाल्या. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतात बदल प्रमाणाने याहून मोठा होता, पण तिथला मार्ग निराळा होता. २००६ च्या मे महिन्यात नागरिकांची वार्षिक सभा मैदानात भरली. २५ पालिकांच्या दहा कराव्यात, असा सरकारचा प्रस्ताव होता. त्यावर एका साध्या नागरिकाने उठून तीनच ठेवाव्यात अशी सूचना केली आणि सभेने ती स्वीकारली. नाराजांच्या मागणीवरून २००७ मध्ये सभा पुन्हा बोलावण्यात आली आणि तिने तोच निर्णय कायम केला. २०११ पासून तिथे तीन पालिका आहेत. पंचवीस जुने कारभार एका फटक्यात संपले याची खंत आम्हाला वाटते, पण त्याला अन्याय म्हणता येत नाही, कारण ज्यांचे होते त्यांनीच उघड्यावर उभे राहून, एकमेकांचे ऐकून, दोनदा ते ठरवले.