उत्तराची घाई

मंडळी, ‘न बोलण्यात नऊ गुण’ असं आपण सर्रास म्हणतो. ते नऊ कोणते हे विचारलं की मात्र गाडी अडते. मीही नऊ मोजून दाखवणार नाही. कमी बोललं की भांडणं टळतात, माणूस भारदस्त दिसतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (भारदस्त दिसण्यासाठी गप्प बसणाऱ्यांविषयी माझं मत तसंही फारसं बरं नाही.) मला बोलायचंय ते आपल्या घाईबद्दल. उत्तर द्यायची ही घाई आवरली तर स्वतःच्या पदरात काय पडतं?

ही घाई मोजली गेली आहे. भाषाशास्त्रज्ञ तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधली संभाषणं तपासली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा वेळ भाषेगणिक थोडा बदलत होता, पण सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आता गंमत बघा. चित्रातल्या वस्तूचं नुसतं नाव सांगायचं म्हटलं, तरी तोंडातून शब्द फुटायला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. एका शब्दाला एवढा वेळ, तर अख्खं वाक्य इतक्या झटपट येतं कुठून? उघड आहे, समोरचा बोलत असतानाच आपली आत जुळवाजुळव सुरू झालेली असते. त्याच्या शेवटच्या शब्दांना आपला अर्धाच कान मिळतो. आणि अवघड गोष्ट माणसं बहुधा शेवटीच सांगतात.

अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गांमधल्या ध्वनिफिती ऐकून असंच काहीसं टिपलं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत, की लगेच पुढचं वाक्य सुरू. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं. हे सगळे सांगतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते शिक्षकांचं जे झालं ते. त्यांचे प्रश्न कमी झाले, पण त्यांत विविधता आली. मुलाच्या उत्तराचा धागा पकडून ते पुढे जाऊ लागले. आणि ज्या मुलांना ते ‘ढ’ धरून चालले होते, त्यांच्याकडूनच्या त्यांच्या अपेक्षा वाढल्या. तीन सेकंद गप्प राहिल्याने शिकवणाराच बदलला. फायदा म्हणतात तो हा.

दुसरा फायदा बेतांचा आहे. ‘यंदा मी अमुक करणार’ हे चार जणांना सांगून टाकलं की हुरूप वाढेल असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या २००९च्या प्रयोगांत उलटच दिसलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचा अभ्यासाचा निश्चय दुसऱ्याने नोंद घेऊन मान्य केला, त्यांनी पुढे प्रत्यक्ष कामाला कमी वेळ दिला. दुसऱ्याने मान डोलावली की आपण जणू ते होऊनच बसतो. तोंडाची वाफ दवडणं म्हणतात ते हेच.

बरं, हे आवरणं सोपं नाही. स्वतःविषयी बोलताना मेंदूतली बक्षिसाने सुखावणारी केंद्रं जागी होतात, असं मानसशास्त्रज्ञ डायना तमीर आणि जेसन मिचेल यांना २०१२ साली आढळलं. त्यांच्या प्रयोगात माणसं स्वतःबद्दल सांगायला मिळावं म्हणून थोडे पैसे सोडायलाही तयार झाली! तेव्हा ‘उद्यापासून कमी बोलणार’ असा संकल्प करू नका, आणि केलात तर निदान कुणाला सांगू नका. समोरच्याचं वाक्य संपल्यावर एक श्वास जाऊ द्या, बस.

मात्र मौनाचं कौतुक मी करणार नाही. मानसशास्त्रज्ञ मथायस मेहल यांनी विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रणं करणारी यंत्रं लावून त्यांची रोजची बोलणी तपासली. २०१०च्या त्या अभ्यासात अधिक समाधानी विद्यार्थी एकटे कमी राहत, बोलत जास्त, आणि त्यांच्या गप्पांत अर्थपूर्ण बोलण्याचा वाटा मोठा होता. म्हणजे छाटायचं ते निरर्थक बोलणं. माणसं तोडायची नाहीत.

शिवाय डॉक्टरांपुढे बसलेल्या रुग्णाने, अन्याय सोसणाऱ्याने आणि बैठकीत ज्याचं वाक्य कधीच पुरं होऊ दिलं जात नाही अशा माणसाने माझं हे व्याख्यान मनावर घेऊ नये. तीन सेकंद थांबायचं आहे ते त्याला मध्येच तोडणाऱ्याने.