लेम्पाद आजोबांचं घर

नमस्कार श्रोतेहो. बाली म्हटलं की हल्ली आपल्याकडे लगेच हनिमून पॅकेज, बीच आणि झोक्यावरचे फोटो एवढंच डोळ्यासमोर येतं, पण आज मला तुम्हाला न्यायचंय उबुद गावात, मेन रोडवरच्या एका जुन्या घरात. हे घर बालीतले नावाजलेले कारागीर आणि चित्रकार इ गुस्ती न्योमन लेम्पाद यांचं. न्योमन म्हणजे तिसरं अपत्य बरं का, तिकडे वायान, मादे, न्योमन, केतुत अशी जन्माच्या क्रमाने नावं ठेवतात आणि पाचवं झालं की पुन्हा वायानपासून सुरू. त्यांच्या वडिलांचं बेदाहुलूच्या राजाशी बिनसलं म्हणून घरदार उचलून मंडळी उबुदला आली आणि तिथल्या सुकावती राजघराण्याने त्यांना आसरा दिला.

लेम्पाद जन्मले कधी, हे त्यांना स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हतं. 1883 साली क्राकाताऊ ज्वालामुखी फुटला तेव्हा आपलं लग्न झालेलं होतं असं ते सांगायचे म्हणतात, त्यावरून लोकांनी हिशोब लावला, 1862 च्या आसपासचा.

आता घर. बालीतलं घर म्हणजे एक इमारत नसते. चारी बाजूंनी कंपाउंडची भिंत, मध्ये अंगण, आणि अंगणाभोवती सुटे सुटे मंडप, त्यांना बाले म्हणतात. दारातून आत पाऊल टाकलं की समोर एक आडवी भिंत येते, वळसा घालूनच आत जावं लागतं, कारण वाईट शक्ती सरळ चालतात, त्यांना वळता येत नाही अशी समजूत! देवघर डोंगराच्या आणि उगवतीच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला, आणि लग्न असो की मयत, सगळे विधी पूर्वेच्या मंडपात. म्हणजे जिथे लेकरांचे संस्कार होतात तिथेच शेवटचा निरोपही. आणि मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू? या घरांची मापं घरमालकाच्या अंगावरून काढतात. दोन्ही हात पसरले की एक वाव, कोपरापासून हात, मग मूठ, आणि शब्द तरी काय, हस्त आणि मुस्ती, आपले हस्त आणि मुष्टीच की हो ते. म्हणजे घर त्या माणसाच्या अंगाला कपड्यासारखं बेतलेलं.

हे बेतणारा जो कारागीर, त्याला उंडागी म्हणतात आणि लेम्पाद हे नावाजलेले उंडागी. उबुदमधलं कमळांच्या तळ्यामागचं सरस्वतीचं मंदिर बघितलंय का कुणी? ते त्यांचंच काम. दगड कोरायचे, लाकूड कोरायचे, मुखवटे करायचे, आणि राजघराण्यात कुणी गेलं की अंत्ययात्रेचे ते उंचच उंच मनोरे उभारायचे, कागद, बांबू, सोनेरी नक्षी, कितीतरी दिवस खपून, आणि शेवटी सगळं अग्नीला द्यायचं. ते जळण्यासाठीच घडवलेलं असायचं. मला हे वाचल्यापासून ते मनोरे डोक्यातून जात नाहीत, कारण त्यांच्या आयुष्यातलं केवढं तरी काम असं धुरात गेलं आणि त्याची खंत कुणाला वाटत नव्हती, काम नीट झालं यातच समाधान.

कागदावर ते आले ते थेट सत्तरीच्या उंबरठ्यावर. 1930 च्या सुमारास वॉल्टर स्पीस हा जर्मन चित्रकार उबुदला राहत होता, रुडॉल्फ बॉनेट हा डच चित्रकारही होता, त्यांच्याकडून कागद मिळाले आणि आजोबांनी चायनीज शाईने रेघा काढायला सुरुवात केली. मग 1936 ला या मंडळींनी राजघराण्यातल्या लोकांसोबत कलावंतांची संस्था काढली, पिता महा, म्हणजे आपला पितामह.

त्यांची चित्रं जरा जवळून बघा. बाकीची बाली चित्रं पानंफुलं माणसांनी गच्च भरलेली असतात, लेम्पाद मात्र कागद कोराच सोडतात, बारीक काळी रेघ, कुठे किंचित लाल, कुठे सोनेरी, बस. रामायण महाभारत आहेच, पण मला आवडतं ते अठरा पोरांचं जोडपं, बाप पान ब्रायुत आणि आई मेन ब्रायुत. आईच्या अंगाखांद्यावर पोरं लोंबकळताहेत, तिला उसंत नाही, आणि बापच सणाचा स्वयंपाक करतोय! तेच ते अंगण, तीच चूल, घरातलंच सगळं.

25 एप्रिल 1978 ला ते गेले. सांगतात की शुभ दिवस बघून त्यांनी घरच्यांना जवळ बोलावलं, मला अंघोळ घाला, पांढरे कपडे घाला म्हणाले, सगळ्यांचा निरोप घेतला आणि शांत झाले. वय साधारण 116.

उबुदला गेलात तर पुरी लुकिसान आणि नेका या दोन म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत, ती बघाच, पण आधी मेन रोडवरच्या घरी जा, आडव्या भिंतीला वळसा घाला आणि थोडा वेळ अंगणात बसा. येतो मंडळी, नमस्कार.